योकोहामाचं बंदर कॅमेऱ्यात उतरवताना

ओसानबाशीच्या धक्क्यावर तिन्हीसांजेला उभं राहून पश्चिमेकडे बघितलं की मिनातोमिराई या बंदरकाठच्या नव्या भागाची पूर्ण रांग एका नजरेत येते. डावीकडे लँडमार्क टॉवर, त्याच्या शेजारी पायऱ्या उतराव्यात तसे बुटके होत जाणारे क्वीन्स स्क्वेअरचे तीन मनोरे, पुढे कॉस्मो क्लॉकचं महाचक्र आणि उजव्या टोकाला शिडाच्या आकाराचं हॉटेल. योकोहामाला आलेला प्रत्येक जण हा फोटो काढतो, आणि काढावाच. पण तेवढ्यावर परतलात तर शहराचा अर्धाच भाग तुमच्या हाती लागेल.

आज जिथे हे मनोरे आहेत, तिथे १९८०च्या दशकापर्यंत जहाजं बांधण्याचा कारखाना होता. तो हलवल्यावर १९८३ साली मिनातोमिराईचं काम सुरू झालं. इथली बहुतेक प्रत्येक नवी वास्तू जुन्या बंदराच्या कशावर तरी उभी आहे. कुठे गोदी, कुठे मालगाडीचे रूळ, कुठे भूकंपाच्या ढिगाऱ्याचा भराव. माझा अनुभव असा, की नवं आणि जुनं एकाच चौकटीत आलं की फोटो फक्त योकोहामाचा होतो. नाहीतर काचेचा उंच मनोरा कुठल्याही शहरात सापडतो. खालचा सगळा क्रम हेच डोक्यात ठेवून लावला आहे.

आधी कॅलेंडर बघा

जपानमध्ये सूर्य आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर उगवतो. जूनमध्ये योकोहामात साडेचारच्या आतच सूर्य वर येतो आणि सातला मावळतो. डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, आणि साडेचारलाच सूर्यास्त. 'संध्याकाळी सहाला पोहोचू' म्हणून हिवाळ्यात निघालात तर आकाश काळं झालेलं असेल. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, त्यानंतर दमट धुरकट उन्हाळा, आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वादळांची शक्यता. सर्वांत स्वच्छ हवा डिसेंबर ते फेब्रुवारी. थंडी बोचरी असते, पण काचेच्या इमारतींना तशी धार दुसऱ्या कुठल्याच ऋतूत येत नाही.

ओसानबाशीच्या टोकावरून लँडमार्क टॉवर जवळजवळ थेट पश्चिमेला येतो. त्यामुळे मार्चअखेर ते एप्रिलचा आरंभ आणि पुन्हा सप्टेंबरात सूर्य त्या मनोऱ्याच्या आसपास मावळतो. उन्हाळ्यात तो बराच उजवीकडे सरकतो, हिवाळ्यात डावीकडे. कोणत्या तारखेला नेमका कुठे, हे सूर्याची दिशा दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये आदल्या दिवशी बघून ठेवा.

वार बघणंही तितकंच महत्त्वाचं. रात्रीच्या फोटोतला उजेड येतो ऑफिसांच्या खिडक्यांतून. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी मनोऱ्यांचे मजलेच्या मजले काळे असतात. मंगळवार ते शुक्रवारची कुठलीही संध्याकाळ घ्या, त्यातही हिवाळ्याची. कारण तेव्हा अंधार पडतो त्या वेळी माणसं अजून कामावर असतात. नाताळच्या सुमारास एका संध्याकाळी मिनातोमिराईच्या इमारती ठरवून सगळे दिवे लावतात. त्या दिवशी दुपारपासूनच धक्क्यावर जागा धरावी लागते.

तिसरी गोष्ट जहाजांची. ओसानबाशी हा प्रवासी जहाजांचा चालू धक्का आहे. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाला मी मोठ्या उत्साहाने तिथे घेऊन गेलो होतो. आभाळ स्वच्छ, वार शुक्रवार, वेळ अचूक. आणि धक्क्याच्या पश्चिम बाजूला दहा-बारा मजली पांढरं जहाज लागलेलं. मनोऱ्यांऐवजी समोर फक्त बाल्कन्या. कोणतं जहाज कधी येणार आणि कधी सुटणार याचं वेळापत्रक आधीच जाहीर झालेलं असतं. ते मी बघितलं नव्हतं, आता न चुकता बघतो. बऱ्याचदा जहाज संध्याकाळी सुटतं, आणि मग तेच चौकटीत घ्यायला मिळतं.

बॅगेत काय असावं

एक वाइड, म्हणजे रुंद देखावा घेणारी लेन्स (१६ ते ३५ मिमीच्या आसपास) आणि एक मध्यम टेलि, म्हणजे दूरचं जवळ आणणारी (७० ते २०० मिमी). एकच न्यायची असेल तर २४ ते १०५ घ्या, अडत नाही. खरं काम टेलिचं असतं, कारण ओसानबाशीपासून लँडमार्क टॉवर साधारण दीड किलोमीटरवर आहे. वाइडमध्ये तो आगपेटीएवढा दिसतो आणि मधलं पाणीच पाणी येतं. ट्रायपॉड हलका पण ठाम हवा, कारण खाडीवरचा वारा थांबत नाही. मधल्या दांड्याच्या आकड्याला बॅग लटकवा, मात्र ती हवेत झुलू देऊ नका, जमिनीला टेकलेली असू द्या. लेन्स पुसायला दोन कापडं ठेवा. समुद्राच्या हवेने काचेवर खारट पापुद्रा येतो आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं.

फक्त फोन असेल तरी चालेल. चौकटीच्या रेषा चालू करा, अल्ट्रावाइड टाळा (कडेच्या इमारती वाकतात) आणि रात्री फोन कठड्यावर टेकवून तीन सेकंदांच्या टायमरने टिपा.

पहाट: ओसानबाशीचं छप्पर

टोकियोकडून येत असाल तर शिबुयाहून तोक्यू तोयोको मार्गाची गाडी पुढे मिनातोमिराई मार्गावर थेट जाते. निहोन-ओदोरी स्थानकावर उतरा, तिथून धक्का चालत सात-आठ मिनिटं. मात्र उन्हाळ्यातल्या सूर्योदयासाठी पहिली गाडीही उशिरा पडते, तेव्हा जवळपास मुक्काम केलेला बरा. धक्क्याचं छप्पर चोवीस तास खुलं असतं, आतलं दालन रात्री बंद होतं.

धक्क्याच्या या इमारतीसाठी १९९५ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत फरशीद मूसावी आणि आलेहान्द्रो साएरा-पोलो या लंडनच्या तरुण वास्तुकार जोडीचा आराखडा निवडला गेला. काम पूर्ण झालं २००२ मध्ये. छप्पर म्हणजे लाकडी फळ्यांची उंचसखल टेकडीच. चढता चढता कधी छपरावर आलात आणि कधी उतरून आत शिरलात ते कळत नाही, कारण जवळजवळ सगळी ये-जा उतारांवरून आहे. स्थानिक लोक याला 'कुजिरा नो सेनाका' म्हणतात, म्हणजे देवमाशाची पाठ. आतल्या मोठ्या दालनात नेहमीच्या अर्थाने खांबही नाहीत. पोलादी पत्र्याच्या घड्याच सगळा भार पेलतात, कागदाची घडी घातली की तो ताठ उभा राहतो त्याच तत्त्वाने.

ही वास्तू टिपताना बहुतेक जण उभे राहून समोरचा देखावा घेतात आणि पायाखालची विसरतात. गुडघ्यावर बसा. कॅमेरा फळ्यांपासून वीतभर उंचीवर आणा. फळ्यांच्या फटी तुमच्या पायापासून निघून वळत वळत दूर जातात, उताराच्या कडेला नाहीशा होतात आणि त्या कडेच्या वर अचानक लँडमार्क टॉवरचा माथा दिसतो. १६ ते २० मिमी, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता), फोकस चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात. रात्री पाऊस होऊन गेला असेल तर सोन्याहून पिवळं. ओलं लाकूड काळपट होतं आणि फटींत साचलेल्या पाण्यात आकाशाच्या पांढऱ्या रेघा उमटतात.

सूर्योदय पूर्वेला, म्हणजे बे ब्रिजच्या बाजूला होतो. १९८९ साली खुला झालेला हा तारांचा पूल टेलिने टिपा. पण सूर्य वर आला की पाठ फिरवायला विसरू नका. पुढची वीस मिनिटं मिनातोमिराईच्या सगळ्या काचा समोरून उजळलेल्या असतात, आणि तो उजेड संध्याकाळी कधीच मिळत नाही. माझं मत विचाराल तर योकोहामातली सर्वांत कमी टिपली गेलेली आणि सर्वांत सुंदर वेळ हीच.

सकाळ: लँडमार्क टॉवर, पण गोदीतून

लँडमार्क टॉवर २९६ मीटर उंच. ह्यू स्टबिन्स या अमेरिकी वास्तुकाराने आखलेला हा मनोरा १९९३ साली उघडला आणि २०१४ पर्यंत जपानमधली सर्वांत उंच इमारत होता. सकुरागिचो स्थानकातून सरकत्या पट्ट्यावरून त्याच्या पायथ्याशी पोहोचता येतं. पण तिथे उभं राहून मान वर करून काढलेला फोटो सहसा फसतो.

त्यापेक्षा शेजारच्या डॉकयार्ड गार्डनमध्ये उतरा. ही १८९६ सालची दगडी सुकी गोदी. दोन्ही बाजूंना दगडाच्या पायऱ्या पायऱ्यांनी वर जाणाऱ्या भिंती, पूर्वी इथे जहाज दुरुस्तीला लागायचं. तळाशी जाऊन गोदीच्या मधल्या रेषेवर उभे राहा आणि कॅमेरा उभा धरून वर बघा. खाली हाताने घडवलेला दगड, वर काच आणि ग्रॅनाइट, दोन्हींत जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर. जवळून बघाल तर दगडांच्या कडा झिजून गोल झालेल्या दिसतील, त्याचाही एक फोटो घ्या. ऊन गोदीत शिरायला वेळ लागतो. नऊ-दहाच्या पुढे या, नाहीतर खालचा भाग काळा आणि वरचा पांढराफट होईल.

आता एक तांत्रिक बाब, जी मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. उंच इमारत खालून टिपली की तिच्या बाजू वर आत झुकतात, आणि आपण घरी जाऊन सॉफ्टवेअरने त्या सरळ करतो. लँडमार्क टॉवर मुळातच वर निमुळता होत जातो. त्याच्या कडा लंबात आणायला गेलात तर मनोरा वर फुगल्यासारखा, डोकं जड झाल्यासारखा दिसतो. म्हणून सरळपणा तपासताना शेजारच्या क्वीन्स स्क्वेअरच्या कडा धरा, आणि लँडमार्कचा फक्त मधला अक्ष उभा आहे ना एवढंच बघा. शक्य असेल तर टिपतानाच कॅमेरा समतल ठेवा, दूर जा आणि खालचा नको तो भाग नंतर कापा.

पलीकडच्या गोदीत निप्पॉन मारू हे १९३० सालचं शिडांचं जहाज आहे. वर्षातून काही ठरावीक दिवशी त्याची सगळी शिडं उभारतात. तो दिवस साधला तर मागचं शिडाच्या आकाराचं हॉटेल आणि पुढची खरी शिडं एकत्र घ्यायचा प्रयत्न जरूर करा.

दुपार: जमिनीखाली

भर दुपारचं ऊन बाहेरच्या फोटोंसाठी निरुपयोगी. तेव्हा मी मिनातोमिराई मार्गाच्या स्थानकांत जातो. २००४ साली सुरू झालेल्या या मार्गाची स्थानकं वेगवेगळ्या वास्तुकारांकडे दिली होती, त्यामुळे एका तिकिटात छोटं प्रदर्शनच बघून होतं. बाशामिची स्थानक हिरोशी नाइतो यांचं. विटांच्या भिंती आणि वर मोठा घुमट, जमिनीखाली असूनही चौकात उभं असल्यासारखं वाटतं. मोतोमाची-चूकागाई हे तोयो इतो यांचं. तिथल्या भिंतींवर जुन्या योकोहामाची छायाचित्रं उमटवली आहेत. आणि मिनातोमिराई स्थानक तर क्वीन्स स्क्वेअरच्या पोटात उघडतं. वरच्या मजल्यावरच्या कठड्यावरून वाकून बघितलं की खोल तळाशी फलाट आणि येणारी गाडी दिसते.

इथे ट्रायपॉड अजिबात नको, फ्लॅश तर नकोच, त्याने मोटरमनचे डोळे दिपतात. फलाटावरच्या पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा. आयएसओ १६०० पर्यंत न्या, कोपर कठड्यावर टेकवा आणि १/१५ सेकंदाने टिपा. गाडी धूसर, वास्तू स्थिर. आठ-दहा वेळा टिपलं की एक तरी नीट येतो.

बाशामिचीहून बाहेर पडलात की योकोहामाचं नवं महापालिका भवन लागतं. २०२० साली पूर्ण झालेल्या या ३२ मजली इमारतीच्या रचनेत फुमिहिको माकी यांच्या कार्यालयाचा हात आहे. खालचं उंच दालन सगळ्यांसाठी खुलं असतं, आणि मागच्या नदीकाठावरून संपूर्ण इमारत चौकटीत बसते.

चारनंतर: रुळांवरून चालत

किशामिची म्हणजे शब्दशः आगगाडीची वाट. पूर्वी मालगाड्या जायच्या त्या बांधावर आता पायवाट आहे, रूळ तसेच जमिनीत ठेवलेले आहेत आणि वाटेत जुने लोखंडी पूलही आहेत. सकुरागिचोच्या बाजूने शिरा. रूळ चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून निघतील असे उभे राहा, ते नजरेला आपोआप पुढे नेतात. वाटेच्या शेवटी एका हॉटेलच्या इमारतीला मधोमध प्रचंड चौकोनी खिडकी सोडली आहे आणि रूळ थेट तिच्यातून जातात. त्या खिडकीत पलीकडची लाल विटांची गोदामं दिसतात. टेलि लावून मागे, आणखी मागे जा, म्हणजे गोदाम त्या चौकटीत मोठं होत जातं. वाट अरुंद आहे, धावणारे आणि सायकली ढकलत जाणारे लोक असतात, तेव्हा ट्रायपॉडचे पाय आखडते ठेवा.

लाल विटांची ही दोन गोदामं १९११ आणि १९१३ सालची, त्यातल्या एकाचा मोठा भाग १९२३च्या भूकंपात पडला. २००२ पासून तिथे दुकानं आणि सभागृह आहे. आवारात सतत काही ना काही बाजार, तंबू, रोषणाई चालू असते. मोकळी इमारत हवी असेल तर पहाटेच या.

तिन्हीसांज आणि रात्र

सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी ओसानबाशीवर परत या. क्रम असा ठेवा: सूर्य मावळताना मनोऱ्यांच्या काळ्या आकृत्या, मग पंधरा मिनिटांची विश्रांती, आणि त्यानंतर खरा खेळ. सूर्यास्तानंतर वीस ते पस्तीस मिनिटांत आकाशाचा निळा आणि खिडक्यांचा पिवळा उजेड समसमान होतो. एफ/८, आयएसओ १००, एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) सुरुवातीला एक सेकंद आणि अंधार वाढेल तसं चार, सहा, आठ. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) टिपा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ३८०० ते ४२०० केल्विनच्या दरम्यान ठेवला की निळा निळाच राहतो. फळ्यांवरून शेजारून कुणी चाललं की थरथर ट्रायपॉडच्या पायांत येते, ते पुढे जाईपर्यंत बटण दाबू नका. लेन्समधलं स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद करा.

कॉस्मो क्लॉकबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथेच बहुतेकांचे फोटो बिघडतात. चक्राची उंची ११२.५ मीटर, त्याला ६० पाळणे आणि एका फेरीला १५ मिनिटं. १०० मीटर व्यासाचा हिशोब मांडला तर काठावरचा पाळणा सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर सरकतो. एका सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये हे जाणवत नाही, दहा सेकंदांत मात्र पाळणा साडेतीन मीटर गेलेला असतो आणि शिवाय दिव्यांच्या बदलत्या नक्षीचा एकच पांढरा गोळा होतो. म्हणून दोन फोटो घ्या: पाणी गुळगुळीत करणारा लांब एक्स्पोजर, आणि आयएसओ ८०० करून एक सेकंदाच्या आतला चक्रासाठी. घरी एकावर एक ठेवून चक्राचा भाग जोडा. चक्राच्या मध्यावर वेळेचे आकडे असतात. छोट्या एक्स्पोजरमध्ये ते स्वच्छ वाचता येतात आणि फोटो किती वाजता काढला ते फोटोतच उमटतं.

त्यानंतर पाय शिल्लक असतील तर बानकोकुबाशी पुलावर जा. तिथे चक्र आणि मनोरे दोन्ही जवळ येतात आणि कालव्याचं पाणी खाडीपेक्षा शांत असतं. वारा पडलेली रात्र असेल तर पूर्ण प्रतिबिंब मिळतं. पुलावरून वाहन गेलं की पूल हलतो, दोन गाड्यांच्या मधली उसंत साधावी लागते.

यामाशिता उद्यान, आणि आपल्यासाठी एक थांबा

दुसरा दिवस हाताशी असेल तर यामाशिता उद्यानासाठी ठेवा. १९२३च्या भूकंपाचा ढिगारा समुद्रात टाकून झालेल्या भरावावर हे १९३० साली उघडलं. काठाला हिकावा मारू हे त्याच वर्षीचं प्रवासी जहाज कायमचं बांधलेलं आहे, मागे १९६१चा १०६ मीटर उंच मरीन टॉवर. जहाजाच्या साखळ्यांवर समुद्रपक्षी ओळीने बसतात. टेलिने साखळीची तिरकी रेघ आणि पक्षी एवढंच घ्या. हे जहाज ज्या निप्पॉन युसेन कंपनीचं, तिने १८९३ साली कोबेहून पहिली दूरवरची नियमित सेवा सुरू केली ती मुंबईसाठी, कापसाच्या व्यापाराकरिता, जमशेटजी टाटांच्या सहकार्याने. मुंबई आणि योकोहामा ही १९६५ पासून भगिनी शहरंही आहेत.

याच उद्यानात घुमटाचं एक लहानसं बांधकाम आहे, ज्याच्याजवळून बहुतेक पर्यटक न थांबता जातात. भूकंपात योकोहामातल्या भारतीय व्यापाऱ्यांचीही घरंदारं गेली, माणसं गेली. शहराने त्यांना जो आधार दिला त्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी १९३९ साली हा पाणपोईसारखा मनोरा शहराला दिला. आत शिरा आणि मान वर करा. घुमटाच्या पोटात रंगीत तुकड्यांची नक्षी आहे. कॅमेरा जमिनीवर आडवा ठेवा, लेन्स वर, बरोबर मध्यावर, आणि टायमर लावा. आयएसओ ४००, एफ/८. पहिल्या वेळी मी तिथे फोटो काढण्याआधी बराच वेळ नुसता उभा होतो.

नियम, थोडक्यात

स्वतःसाठी इमारतींचे फोटो काढायला अडचण नसते, पण विक्रीसाठी किंवा मॉडेल उभी करून काढायचे असतील तर त्या त्या जागेची परवानगी घ्या. लोकांचे ओळखता येतील असे चेहरे त्यांच्या संमतीशिवाय टाकू नका, जपानमध्ये हे फार मनावर घेतलं जातं. ड्रोन आणूच नका. १०० ग्रॅमपासून पुढच्या ड्रोनला नोंदणी लागते आणि दाट वस्तीवर उडवायला वेगळी परवानगी. धक्क्यावर ट्रायपॉड कठड्याला चिकटून लावा म्हणजे मागून लोकांना वाट राहील. पहाऱ्यावरच्या माणसाने काही सुचवलं तर 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणून लगेच बाजूला व्हा. माझा अनुभव आहे की तोच माणूस मग बोट दाखवून सांगतो, तिथून बघा, तिथून जास्त चांगलं दिसतं.